करंजाच्या बुडाशी हिरवी चटई

भरवेलीच्या खाण वसाहतीत १९६७ साली बालवाडी निघाली, तेव्हा तिला छप्पर नव्हतं. होती ती तीन करंजाची झाडं आणि त्यांची दाट सावली. त्या सावलीत गवत काही उगवायचं नाही, नुसती माती आणि मँगनीजचे काळे टोकदार खडे. ललिताबाई मास्तरीण चाळीस पोरांना तिथंच बसवत. संध्याकाळी घरी गेलेल्या पोरांच्या मांड्यांवर खड्यांचे वळ दिसायचे.

दोन वर्षांनी अफसरांच्या क्लबानं आपली क्रिकेटची जुनी काथ्याची चटई मोडीत काढली. वसाहतीच्या कमिटीचा पुढारी चैतराम याने ती मागून आणली. बायांनी कढईत रंग उकळून ती हिरवीगार रंगवली. दोरीवर वाळत घातली तर लांबून खरंच गवत वाटलं. पोरं म्हणाली, नकली गवत आलं. चैतरामने घनश्याम मिस्त्रीला सांगितलं, झाडांभोवती पक्कं करा आणि वरून चटई टाका.

घनश्यामच्या हाताखाली चार रेजा, म्हणजे घमेली वाहणाऱ्या मजूर बाया, होत्या. त्यातलीच एक सत्यभामा. वय पंचेचाळीस, डोक्यावर घमेलं वाहून मानेला घट्टा पडलेला. नवरा प्रेमलाल खाणीत ड्रिल चालवायचा. कामावर ती फार बोलत नसे. मिस्त्री म्हणेल तिथं मुरूम, म्हणेल तिथं रेती.

पहिल्या दिवशी घनश्यामने पहिल्या करंजाला खेटून चर आखला. बेत साधा होता : वीतभर खोल खणायचं, मुरूम भरायचा, धुम्मसानं ठोकून दगडासारखा करायचा, वर सिमेंट, आणि सिमेंटवर चटई, थेट खोडापर्यंत. कुदळीचा तिसरा घाव पडला तशी मातीतून मनगटाएवढी मुळी वर आली. साल फाटून आतला पांढरा गर दिसला. घनश्यामने पुन्हा कुदळ उगारली. सत्यभामा घमेलं खाली ठेवून पुढं झाली आणि त्या मुळीवर पाय देऊन उभी राहिली.

"बाई, बाजूले हो."

"नाही होत, मिस्त्री. हे झाड मरन."

"एका मुळीनं झाड मरते काय?"

"मुळीनं नाही मरत एकदम. पण बुड सिमेंटानं बांधून टाकलं तर दोन-तीन सालात मरते. मी मारलं आहे."

कुदळ तशीच राहिली. गलका ऐकून ललिताबाई आल्या, चैतरामही आला. त्याला राग आला होता. "रेजानं मिस्त्रीले शिकवायचं? तुले कसं ठाऊक?"

मग सत्यभामा बोलली. आयुष्यात एवढं सलग ती पहिल्यांदाच बोलत असावी. बालाघाटच्या वाटेवर एका बंगल्यात मोठा आंबा होता. साहेबाला त्याखाली चहाला बसायचं होतं म्हणून ओटा बांधायचा ठरला. मुरूम तिनं वाहिला, धुम्मस तिनं मारला, खोडापर्यंत सिमेंट गेलं. पहिल्या साली मोहर कमी आला. दुसऱ्या साली शेंड्याच्या फांद्या वाळल्या. तिसऱ्या साली पान नाही. "त्याले ना पाणी भेटे, ना हवा. मले रोज कामावर जाता-येता तो दिसे. माह्याच हातचं होतं ते."

चैतरामला पटेना. तेव्हा ललिताबाईच म्हणाल्या, "आपण जाऊन पाहू या ना. कोस-दीड कोसच तर आहे."

चौघं चालत गेली. बंगल्याच्या कुंपणापलीकडे आंबा उभा होता, पांढुरका, बोडका. ओटा मात्र जसाच्या तसा, गुळगुळीत. माळ्याला विचारून चैतराम आत गेला, नखानं साल उचकली. ती पापडासारखी सुटून हातात आली. घनश्याम ओट्याच्या कडेशी बसला आणि बोटानं गिलाव्याची धार चाचपत राहिला.

"हा ओटा मीच घोटला होता," तो म्हणाला. "झाड मेलं हे मले ठाऊकच नव्हतं. काम संपलं का आपण मागं वळून पाहत नाही." परतीच्या वाटेवर त्याने विचारलं, "मग कसं करायचं, बाई? तू सांग."

दुसऱ्या दिवसापासून सत्यभामा सांगू लागली आणि मिस्त्री करू लागला. फाटलेली मुळी तिनं धारदार कोयत्यानं साफ केली, मग पहिला चर तीच माती घालून बुजवला. कुदळ बंद, फक्त खुरपी. मुरूम नाही, धुम्मस तर नाहीच. खडे हातानं वेचून काढले, आणि त्यावर धुतलेली जाड रेती बोटभर, पाणी झिरपेल एवढीच. प्रत्येक खोडाभोवती तिनं दोन हात जागा मोकळी सोडली.

"एवढी काहून?" चैतरामने विचारलं. "पोरांले बसाले जागा कमी होईन."

"झाड वाढते, दादा. आज खोड एवढं आहे, पोरांच्या पोरांच्या वेळी केवढं होईन?"

त्या मोकळ्या गोलाच्या कडेला चुन्याशिवाय नुसते दगड मांडले. चटई एका बाजूनं चिरून झाडाभोवती फिरवली आणि दाभणानं सुतळी ओवून चीर शिवून टाकली. खुंट्या बांबूच्या. ठोकण्याआधी ती जागोजागी बारीक सळई दाबून पाही. मुळी लागली की हात थांबवी, वीतभर सरकून पुन्हा पाही. एका खुंटीसाठी तिनं सात जागा बदलल्या, तेव्हा बाकीच्या रेजा हसल्या. तिनं हसू दिलं.

आठ दिवसांनी पोरं चटईवर बसली तेव्हा ती लांब उभी राहून बघत होती. एक पोरगी गालिच्यावर लोळावं तशी लोळली. वर करंजाची सावली हलत होती.

पण खरी पारख उन्हाळ्यात व्हायची होती. करंजाची पानं गळली तसे लोक कुजबुजले. सत्यभामा कामावरून सुटली की गोलांमध्ये एकेक घागर ओतायची, झाडांकडे बघायची आणि घरी जायची. वैशाखात तिन्ही झाडांवर कोवळी, चकचकीत पालवी फुटली. ज्याची मुळी फाटली होती त्याच्यावरही. त्या दिवशी प्रेमलालच्या पानात वाढताना ती एकटीच गालात हसली. त्याने विचारलं तर म्हणाली, "काही नाही. झाडं जगली."

पावसाळ्याआधी खाणीच्या सिव्हिल खात्याचे ओवरसियर बालवाडी पाहायला आले. चटई उचलून त्यांनी रेती पाहिली, दगड पाहिले, शिवण पाहिली. "किसने किया है ये?"

घनश्याम मिस्त्री पुढं आला. सत्यभामेला वाटलं, आता तो स्वतःचंच नाव सांगेल. मिस्त्रीच तो, आणि विचारणारा साहेब.

"सत्यभामाबाई ने, साहब," तो म्हणाला. "मैं तो उसके हाथ के नीचे था."

ओवरसियरांनी तिला जवळ बोलावलं. क्लबाच्या आवारात अकरा झाडं होती, त्यांच्याभोवती फरशी बसवायची होती. तू करशील का, असं त्यांनी हिंदीत विचारलं. तिनं पदर डोक्यावर सारखा केला.

"हौ, करतो. पण कुदळ कोणी आणायची नाही, आणि घाई करायची नाही."

पुढच्या महिन्याच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, तिच्या नावापुढं रेजा लिहिलेलं नव्हतं. ललिताबाईंनी तो शब्द वाचून दाखवला : मिस्त्री. सत्यभामेनं तो दोनदा वाचायला लावला. दुसऱ्यांदा तिनं बाकीच्या रेजांना हाक मारून जवळ उभं केलं. मग अंगठ्याला शाई लावून घेतली आणि त्या शब्दाच्या शेजारी तो सावकाश, सरळ उमटवला.