वजनकाट्यावरच्या पेटीची पाठ

मित्रांनो, त्या कुंदनला रीतभात कोणी शिकवली आहे की नाही, देव जाणे! दसऱ्याच्या सकाळी पूजेसाठी माझं तोंड पूर्वेकडे करायचं, म्हणून त्याने मला अडेल बैलासारखं ओढलं. माझ्या पाठीला वायरी आहेत, याचं भानच नाही!

मी चोपडा गावाजवळच्या एका वजनकाट्यावरची जुनी संगणकाची पेटी आहे. जळगावच्या दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं. गाणी, सिनेमे मला येत नाहीत. पण कापसाची ट्रॉली असो की केळीची गाडी, माझ्या आकड्यावर आजवर कोणी तोंड वाकडं केलेलं नाही!

आणि माझी पाठ बघा. नव्या संगणकांना असली पाठ कुठली! वर दोन गोल पोर्ट आहेत, जांभळा कीबोर्डचा, हिरवा माऊसचा. निळा, पंधरा भोकांचा, तो पडद्याचा. चपटे यूएसबी गरीब बिचारे, कोणीही यावं आणि काही खुपसावं. पण माझा खरा जीव नऊ पिनांच्या पोर्टमध्ये. तो काट्याचा. त्याच्या केबलला दोन्ही बाजूंनी स्क्रू असतात. ते सोडल्याशिवाय ती निघत नाही.

पिना नऊ, पण काट्याशी बोलायला मला तीनच तारा पुरतात. दुसऱ्या पिनेने मी ऐकते, तिसरीने बोलते आणि पाचवी आम्हा दोघांची सामाईक. काट्याचा आकडा दाखवणाऱ्या डबीचंही तसंच. म्हणून माझी बोलायची तार तिच्या ऐकायच्या पिनेला जावी लागते आणि तिची बोलायची माझ्या ऐकायच्या पिनेला.

कुंदनने स्क्रू न सोडताच ओढलं. केबलच्या टोकातून तारा उपटून आल्या. मग घाईघाईने कथलाचा डाग देऊन त्याने त्या जोडल्या. दोनला दोन, तीनला तीन. तोंडाला तोंड, कानाला कान! वर मला कुंकू लावून मोकळा.

तेवढ्यात चुडामण आबांची ट्रॉली काट्यावर चढली. हंगामातलं पहिलं वजन दसऱ्याला व्हावं, ही इथली रीत. डबीवर आकडा उमटला, पण माझ्या पडद्यावर काही येईना. आणि माझ्याशिवाय पावती निघत नाही.

"काय व्हयनं रे?" कुंदनची आई, काट्याची मालकीण प्रमिलाबाई, आरतीचं ताट घेऊनच धावली.

"माय, हाई पेटी मरी गयी. भंगारमा टाकी देऊत."

"तू हात लावाआधी जित्ती व्हती ना ती!"

भंगार! माझा पंखा क्षणभर अडखळला. मी इथेच उभी आणि माझ्यासमोरच माझी तिरडी बांधायला घेतली! मायलेकाची तर जुंपलीच. ती मुहूर्ताचं बोलते, तो नव्या संगणकाचं बोलतो, आणि दोघंही एकाच दमात.

ट्रॅक्टरवरून आबा ओरडले, "अरे, दोन्ही मायलेक संगेच बोली ऱ्हायनात, आयकी कोन ऱ्हायना?"

मागच्या गाड्यांवर हशा पिकला. कुंदन मात्र "आयकी कोन ऱ्हायना" असं पुटपुटत माझ्याकडे वळला. त्याने माझ्या पाठीकडे पाहिलं, मग डबीकडे. केबल काढली, या वेळी स्क्रू सोडून. तिच्या एका टोकाला दोन्ही तारांची अदलाबदल केली, डाग फुंकून गार होऊ दिला आणि केबल पुन्हा बसवली.

पडद्यावर आकडा झळकला! पावती निघाली. आबांनी ती डोळ्यांजवळ धरून सगळी वाचली. "बठ्ठं बरोबर शे!" म्हणाले. प्रमिलाबाईंनी नारळ फोडला आणि त्याचं पाणी माझ्यापासून लांब शिंपडलं. बाईला कळतं हो! भंगाराचं नाव मग कोणी काढलं नाही. काढतील कसे? मागे ट्रॉल्यांची रांग उभी होती आणि प्रत्येकीला माझाच आकडा हवा होता.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्या बहिणी असतील. त्यांच्या पाठीमागे जरा वाकून बघत जा. कुठली वायर कुठे जाते ते ओळखा, मगच हात लावा.

आणि कुंदन, तुला तोंडावर सांगते. वायरीला धरून ओढायचं नसतं, टोकाला धरून, स्क्रू सोडून, हलकेच काढायचं असतं. हात सोन्याचे आहेत रे तुझे! पण तुझा धीर या काट्यावर ठेवला, तर माझा आकडा शून्यावरून हलायचा नाही!