चालू औषधे

जनावरांच्या दवाखान्याच्या तळघरात, दोन फ्रीज आणि एक गळका नळ यांच्या मध्ये बसून, एक बाई अठरा वर्षं रक्त मोजत होती. थेंबाचा काचेवर पातळ लेप द्यायचा, तो रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचा आणि पांढऱ्या पेशी शंभर भरेपर्यंत मोजायच्या. कुठल्या जातीच्या किती, ते लिहायचं. यावरून वरच्या मजल्यावरचे लोक तिला शंभरी म्हणत. तोंडावरही म्हणत, कारण तिला त्याचा राग येत नसे. तिला राग यायचा तो अर्धवट भरलेल्या फॉर्मचा.

फॉर्म एका पानाचा होता. जनावराचं नाव, वय, तक्रार आणि खाली उजवीकडे ‘चालू औषधे’ असा एक रकाना. लोक तो कोरा सोडत, नाहीतर आडवी रेघ मारून मोकळे होत. असा फॉर्म आला की शंभरी रक्ताला हात लावत नसे. गुडघे कुरकुरत असतानाही जिना चढून वर जायची आणि मालकाला समोर बसवून खोदून खोदून विचारायची. मग एकेक बाहेर पडायचं. कुणी मांजराला स्वतःची तापाची गोळी चारलेली असायची, कुणी कुत्र्याच्या कानात सासूचं मलम घातलेलं असायचं. संध्याकाळी जेवताना ती हे सगळं वडिलांना रंगवून सांगायची. माणसाची गोळी कुत्र्याला देणाऱ्यांनी डोकं कुठे गहाण ठेवलेलं असतं, हा तिचा आवडता प्रश्न होता. वडील मान डोलवायचे आणि टेबलाखाली साहेबांना पावाचा तुकडा द्यायचे.

साहेब म्हणजे त्यांचा कुत्रा. वडिलांनी छत्तीस वर्षं कारकुनी केली होती आणि त्या छत्तीस वर्षांत नऊ साहेबांपुढे मान खाली घातली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी रस्त्यावरचं एक तपकिरी पिल्लू उचलून आणलं आणि त्याचं नाव साहेब ठेवलं. त्यानंतर दिवसभर घरात, ‘साहेब, बसा’, ‘साहेब, चपलेला तोंड लावू नका’, असं चाले. दहावा साहेब मात्र ऐकायचा. आई गेल्यावर वडिलांचं बोलणं जवळजवळ बंदच झालं होतं. जे काही उरलं होतं ते या कुत्र्याशी. शंभरीला याची जाणीव होती. साहेब गेला तर बाबांना धरून ठेवणारं घरात काही उरणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं, आणि धरून ठेवणाऱ्यांत आपण मोडत नाही हेही.

तो साहेब खोकायला लागला. पोट बिघडलं, बरगड्या दिसू लागल्या. शंभरीने त्याचं रक्त काढून तळघरात नेलं आणि मोजलं. शंभरात एकतीस इओसिनोफिल निघाले. एरवी कुत्र्यात दहाच्या आतच सापडतात या पेशी. नारिंगी दाण्यांनी भरलेल्या असतात आणि जंत झाले की धावून येतात. जंत पेशीपेक्षा शेकडो पटींनी मोठा, त्याला गिळता येत नाही; म्हणून त्या त्याच्या अंगाला चिकटतात आणि आपले दाणे त्याच्यावर रिकामे करतात. स्वतः मरतात, पण त्याला जेरीस आणतात. शंभरीला शरीरातल्या सगळ्या पेशींमध्ये याच आवडायच्या.

शौच तपासलं तेव्हा त्यात सुतासारख्या बारीक अळ्या वळवळताना दिसल्या. डॉक्टरीणबाईंनी औषध लिहून दिलं आणि बजावलं की ही जात चिवट आहे. आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसात आणि तिथून पुन्हा आतड्यात, असा तिचा फेरा चालतो. एका औषधात जाईलच असं नाही. दर सोमवारी रक्त मोजत राहायचं.

पहिल्या फॉर्मवर शंभरीने ‘चालू औषधे’समोर ‘नाही’ लिहिलं, आणि तेव्हा ते खरंच होतं. पुढच्या चार सोमवारी तिने तोच शब्द लिहिला. लिहिताना विचारलं मात्र कुणालाच नाही. आपलंच घर, आपलाच कुत्रा, औषधांचा डबा आपल्याच कपाटात, विचारायचं कुणाला? गावभरच्या लोकांना उलटसुलट प्रश्न विचारणारी ही बाई, आणि स्वतःच्या दिव्याखाली असा अंधार.

दुसऱ्या सोमवारी चोवीस आले. तिसऱ्या सोमवारी नऊ. खोकला थांबला, साहेब खायला लागला, इतका की वडिलांच्या ताटातलं हक्काने मागू लागला. चौथ्या सोमवारी दोन. पाचव्या सोमवारी शंभर पेशी मोजून झाल्या तरी एकही नारिंगी पेशी दिसली नाही. तिने आणखी शंभर मोजल्या. शून्य. लसिका पेशी, म्हणजे पांढऱ्यांतलीच आणखी एक जात, त्याही भलत्याच कमी होत्या, आणि दुसऱ्या कुठल्याही कुत्र्याच्या बाबतीत एवढ्यावरून ती जिना चढून वर गेली असती. पण त्या दिवशी ती खुर्चीत मागे टेकली आणि बऱ्याच दिवसांनी मोकळं हसली. शत्रू संपला, म्हणून सैन्य घरी गेलं, असा तिने अर्थ लावला. शौचातही त्या खेपेला काही सापडलं नाही. तशा त्या अळ्या रोज सापडतात असं नाही, हेही तिला ठाऊक होतं. माणसाला जे हवं असतं तेच त्याला दिसतं. सूक्ष्मदर्शक लावला म्हणून त्यात फरक पडत नाही.

घरी जाऊन तिने कागद वडिलांपुढे ठेवला. शून्य मिळवून कौतुक करून घेणारा हा पहिलाच साहेब, असं म्हणून वडील हसले आणि हसता हसता त्यांना धाप लागली. त्यांचा दमा जुना होता. गेले दोन-तीन आठवडे रात्री उशी उभी करून बसावं लागत होतं, जिन्याच्या तिसऱ्याच पायरीवर थांबावं लागत होतं. हवा बदलली, असं ते म्हणत. शंभरीही तेच म्हणाली.

आठवडाभरात साहेब कोसळला. सकाळी उठताच येईना, मागून रक्त जाऊ लागलं, छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. शंभरीने त्याला चादरीत गुंडाळून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी शौचाचा एक ठिपका काचेवर घेतला, पाहिला आणि बाजूला सरकल्या. शंभरीने डोळा लावला. भिंगाखालचा सगळा गोल हलत होता. एवढ्या अळ्या तिने अठरा वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

“स्टेरॉइड चालू आहे का याला?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही,” शंभरी म्हणाली. सवयीने म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थांबली.

कुत्र्याचा खोकला थांबला त्याच आठवड्यात बाबांची धाप वाढली होती. हे दोन्ही तिने रोज पाहिलं होतं, एकाच खोलीत, एकाच टेबलाशी. साहेबाला सलाइन लावलेलं तसंच ठेवून ती घरी आली.

वडिलांनी काही लपवलं नाही. लपवण्यासारखं जे होतं ते डोक्यावरच्या शेल्फवर, दाढीच्या सामानात उघड्यावरच होतं: जुनं ब्लेड, वर्तमानपत्राचा तुकडा आणि दम्याच्या गोळ्यांच्या अर्ध्या अर्ध्या चकत्या. अर्धी ते स्वतः घेत आणि अर्धी पावाला लोणी लावून साहेबाला देत. महिना होत आला होता. त्याचा खोकला अगदी आपल्यासारखाच, ते म्हणाले, तीच शिट्टी, तीच धाप; आपल्याला या गोळीने आराम पडतो तर त्याला का पडू नये? आणि पडलाच की. दुसऱ्याच दिवशी शांत झोपला.

“मला का नाही सांगितलंत, बाबा?”

“तू रागावली असतीस,” वडील म्हणाले. “तू रोज सांगतेस ना, त्या बिनडोक लोकांचं.”

बाबांची ती स्टेरॉइडची गोळी चुकीची नव्हती. बाबांसाठी तीच जीव होती. ती शरीरातल्या पहारेकऱ्यांना गप्प करते, म्हणून तर दमा निवळतो. साहेबाच्या अंगातलेही पहारेकरी तिने गप्प केले. आणि आत दडून राहिलेले जंत, अडवणारं कुणी नाही म्हटल्यावर, आतड्यात, फुप्फुसात, जिथे वाट मिळेल तिथे पसरले. शून्य दोन कारणांनी येतं, शत्रू मेल्यावर आणि पहारा उठल्यावर. हे शंभरीने नव्या मुलींना फळ्यावर लिहून शिकवलं होतं.

तिने वडिलांना आधी पूर्ण गोळी घ्यायला लावली. मग दोघं दवाखान्यात आले.

तिने डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठून सगळं सांगितलं. त्यांनी औषध बदललं, जास्त मात्रेचं दिलं, पण आशा दाखवली नाही. दोन आठवड्यांपूर्वी कळलं असतं तर, एवढंच म्हणाल्या आणि वाक्य अर्धं सोडलं. दोन आठवड्यांपूर्वी म्हणजे चौथ्या सोमवारी. मग वडिलांना सांगणार का, असं त्यांनी विचारलं. शंभरी जिना चढू लागली.

वडील स्टीलच्या टेबलाशी स्टूल घेऊन बसले होते. साहेबाचा पंजा त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. “साहेब, उठा आता,” ते मधून मधून म्हणत होते, “ऑफिस सुटायची वेळ झाली.” साहेबाची शेपटी सुरुवातीला एकदोनदा हलली. दुपारी तीनच्या सुमाराला तो गेला. मरताना खोकलासुद्धा नाही.

मदतनीस बाईने सलाइनची सुई काढली, टेबलाची कड पुसली, चादर वर ओढली. वडिलांनी ती चादर पुन्हा खाली केली आणि कान नीट सरळ करून ठेवला.

“चूक माझीच,” ते म्हणाले.

त्यांना कळलं, असं शंभरीला वाटलं.

“अर्धी गोळी दिली मी त्याला,” वडील म्हणाले. “एवढा मोठा कुत्रा, अर्धीनं काय होतंय? मला माझ्या धापेची पडली होती. पूर्ण दिली असती तर वाचला असता गं.”

बाबा या एका विचाराने पुढची सगळी वर्षं स्वतःला खात राहणार होते. एका वाक्यात तिला त्यांची यातून सुटका करता आली असती: पूर्ण दिली असतीत तर आणखी लवकर गेला असता. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं. ते खरं होतं आणि त्याने बाबांचं कंजूषपणाचं ओझं उतरलं असतं, पण त्याच्या जागी जे बसलं असतं ते त्यांच्याने पेलवलं नसतं. तिने ते गिळलं. अठरा वर्षांत तिने कुठलाही आकडा कुणापासून लपवला नव्हता.

“बाबा, चूक तुमची नाही,” ती म्हणाली. “माझी आहे. मी फॉर्ममधला रकाना न विचारता भरला.”

वडिलांनी मान वर केली. ही आपली समजूत घालते आहे, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी तिच्या हातावर थोपटलं, लहानपणी थोपटायचे तसं.

“वेडी आहेस का, पोरी?” ते म्हणाले. “मी जन्मभर फॉर्म भरले. त्यानं कधी कुणी मरत नाही.”