आई भुताच्या बाजूनं होईपर्यंत

विश्वजीतला कुणी भित्रा म्हटलं असतं तर राग आला असता. तो स्वतःला धोरणी समजायचा. आणि धोरण काय, तर रोज संध्याकाळी आईशेजारी बसून ‘बारव बोलते’ ही मालिका बघायची आणि तिच्यातल्या भुताचं लग्न जुळवायचं. वाळूजच्या कारखान्यात इंजिनिअर, तिशी ओलांडलेला, आणि उद्योग बघा साहेबांचे.

मालिकेतली नीलांबरी शेकडो वर्षं एका बारवेत, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीत, भूत होऊन राहिलेली. पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर श्लोक तिथं मोजमाप घ्यायला येतो आणि तिच्या प्रेमात पडतो. ज्या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तिथला इंजिनिअर प्रेमात पडायला मोकळा कसा, हे मालिकेत कुणी विचारत नाही. इकडं श्लोकच्या घरच्यांनी इशानी नावाची सराफाची मुलगी पसंत करून ठेवलेली. झालं, विश्वजीतच्या घरात दोन पक्ष पडले. आई, म्हणजे द्वारकाबाई, इशानीच्या पक्षात. “पोरगी शिकलेली हाय, आपल्यातली हाय, पाय सरळ हायेत. अजून काय पाह्यजे?” धाकटी बहीण सायली कधी इकडं, कधी तिकडं. विश्वजीत मात्र ठाम भुताच्या बाजूनं.

त्याचं कारण करुणा. ती त्याच्याच कारखान्यात लॅबमधे होती आणि शहरातल्या छावणी भागात राहायची. तिचं घर बौद्ध. याचं मराठ्याचं, पैठणकडं शेती आणि शेतीपेक्षा भाऊकी जास्त. दोघांचं लग्नाचं ठरलं तसं करुणानं दिवाळीच्या सुट्टीतच घरी सांगून टाकलं. तिचे वडील रामकिसन मास्तर म्हणाले, “मुलाच्या घरच्यांना येऊ दे. बोलू.” तेव्हापासून ते वाट बघत होते आणि विश्वजीत आईला तयार करत होता. त्याचं गणित साधं होतं. एकदा आईला भूत सून म्हणून पचलं, की करुणा काय, सहज पचेल. या गणितात काही चुकतंय असं त्याला वाटत नव्हतं. उलट आपल्या हुशारीचं त्याला फार कौतुक होतं.

दिवाळी गेली, संक्रांत गेली, उन्हाळा लागला. एका शुक्रवारी संध्याकाळी घरी जाताना कंपनीच्या बसमधे करुणा त्याच्या शेजारी येऊन बसली.

“जालन्याचं स्थळ आलंय,” ती म्हणाली. “पप्पा म्हणतेत, रविवारी त्यांना काहीतरी उत्तर द्यावं लागंल. तू सांगितलंस का घरी?”

“जवळजवळ सांगितलंच समज. आई आता अर्धी भुताच्या बाजूनं आलीय. काल नीलांबरी रडली तर हिचे पण डोळे भरले. आजचा भाग झाला, की...”

“विश्वजीत, मी भूत नाय.”

“तसं नाय गं. उदाहरण म्हणून.”

“माझ्यासाठी तुला भुताचंच उदाहरण सापडलं,” करुणा म्हणाली. “साध्या माणसाचं नाय सापडलं.”

छावणीचा थांबा आला. ती उतरून गेली, वळून बघितलं नाही. सिडकोपर्यंत विश्वजीत एकटाच बसला. चपराक बसली होती आणि ती आपल्याला बसायलाच हवी होती, एवढं त्याला कळलं. आज घरात पाऊल टाकल्याबरोबर सांगायचं, असं त्यानं ठरवलं. घरात पाऊल टाकलं, हातपाय धुतले, चहा घेतला, सायलीच्या मोबाइलचं कव्हर नीट बसवून दिलं. तोवर मालिकेचं गाणं सुरू झालं. मग त्यानं एवढा भाग बघून सांगायचं ठरवलं.

त्या दिवशी नीलांबरीनं आपली सगळी शक्ती घालवून बारवेत पडलेल्या श्लोकला वाचवलं. विश्वजीतनं संधी साधली. माणूस बघावा, त्याचा जीव बघावा, तो कुठला आणि कुणाचा हे काय बघायचं, असं त्यानं भाषणच ठोकलं. द्वारकाबाईंनी पदरानं डोळे पुसले.

“मी म्हणते, भूत तर भूत,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आईनं तिची ओटी भरावी अन् घरात घ्यावं.”

जाहिराती लागल्या. विश्वजीत आईकडं वळला.

“आई, समजा...”

द्वारकाबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. “समजा काय?”

“समजा, आपल्याच घरात अशी, म्हणजे दुसऱ्या समाजातली...”

“कोणय?”

सायलीनं मोबाइल खाली ठेवला. ज्या प्रश्नासाठी इतके महिने खटाटोप केला, तो आईनं आपणहून विचारला होता. आणि आमचा पठ्ठ्या म्हणतो काय, “कोणी नाय. मालिकेचं बोलतोय.”

द्वारकाबाई त्याच्याकडं जरा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी आवाज पुन्हा चालू केला.

“त्या श्लोकचा लई राग येतो मला,” त्या टीव्हीकडं बघत म्हणाल्या. “भुताला भ्याला नाय अन् आईला भितोय. आई काय खाणारय त्याला? ती पोरगी तिकडं पाण्यात ताटकळत बसली. तिनं आता सोडावं त्याला. सुखी राहील बिचारी.”

नीलांबरीची वकिली विश्वजीतनं झोपेतही केली असती. श्लोकची बाजू मांडायला मात्र त्याला एक शब्द सुचेना. जालन्याच्या त्या मुलानं कुठलीही मालिका न बघता सरळ निरोप पाठवला असणार. विश्वजीतला रडू यायला लागलं आणि रडण्याचीही लाज वाटली.

“आई, तिचं नाव करुणा,” तो म्हणाला. “माझ्या कंपनीत हाय. छावणीत राहते. बौद्ध हायेत ते लोक. मला तिच्याशीच लग्न करायचंय.”

द्वारकाबाईंचा चेहरा उतरला, हे खरं. भुतासाठी पाणावलेले डोळे कोरडे झाले. पैठणचे दीर, जावा, सगळी भाऊकी त्यांच्यासमोर उभी राहिली असणार.

“तिच्या घरी माहीतय?” त्यांनी विचारलं.

“दिवाळीपासून. तुम्ही या, बोलू म्हणतेत. वाट बघायलेत.”

“ते लोक वाट बघायलेत, अन् तू मला भूत दाखवायलास.”

त्यांनी टीव्ही बंद केला.

“मला हे सोपं नाय,” द्वारकाबाई म्हणाल्या. “अन् मी व्हय पण म्हणलेलं नाय. पण माणसांना असं ताटकळत ठेवायचं नसतं. लाव फोन.”

फोन करुणानं उचलला. द्वारकाबाईंनी तो विश्वजीतच्या हातातून काढून घेतला आणि तिच्या आईला द्यायला सांगितलं. “ताई, मला आजच कळलं. उशिराचं वाईट नका वाटून घेऊ. रविवारी सकाळी येते. चालंल का?” पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. द्वारकाबाई “व्हय, व्हय” करत होत्या.

“मी गाडी कधी काढू?” विश्वजीतनं हळूच विचारलं.

“तू नको. तुला बोलता येत नाय. सायलीला नेते मी,” म्हणत त्यांनी फोन त्याच्या हातात दिला.

पलीकडं पुन्हा करुणा होती. “सांगितलंस शेवटी,” ती म्हणाली.

“आईनंच बोलायला लावलं.”

“वाटलंच मला,” करुणा म्हणाली. “जालनेवाल्यांना पप्पा थांबा म्हणणारेत. पण ते तुझ्यासाठी नाय. तुझ्या आईसाठी.”

“व्हय,” विश्वजीत म्हणाला.