सत्यभामाबाईंचे ऐंशी सेकंद

चिंधू मेश्राम दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले तेव्हा रीना एका म्हातारीचा अंगठा यंत्रावर दाबून धरत होती, आणि यंत्र चौथ्यांदा 'जुळत नाही' म्हणत होतं. "उद्या येजो आजी, हात धुवून येजो," असं सांगून तिनं म्हातारीला वाटेला लावलं, मान वर केली, तर समोर अश्विनचे वडील. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी. माणूस कचेरीत जातो तसे तयार होऊन आले होते.

"जयभीम काका. एवढ्या उन्हात? अश्विन नाही आला?"

"जयभीम. तो कायले येते! त्यानंच धाडलं. म्हणे, रीनाताईपाशी असन."

"काय असन?"

"त्याच्या आईचा आवाज."

रीनानं उगाच झेरॉक्स मशीनचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

आसगावहून साकोलीला यायला दोन एस्ट्या बदलाव्या लागतात. म्हणजे म्हातारा सकाळी सातला निघाला असणार. आणि अश्विननं, त्या सोन्यासारख्या भित्र्या पोरानं, बापाला खरं सांगायची हिंमत झाली नाही म्हणून त्याला दोन एस्ट्यांत बसवून तिच्याकडे पाठवून दिलं होतं.

दिवसभर रीना रामटेके फॉर्म भरायची, आधार लॅमिनेट करायची, धानाच्या नोंदणीच्या रांगा सांभाळायची. पण त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत, सहा वर्षांपासून, ती एक संगीताची कंपनी चालवत होती. कंपनी म्हणजे काय, एक लॅपटॉप, दोन चांगले हेडफोन आणि तीन कलाकार: आसगावचा अश्विन, आंधळगावचा चंदन, ज्याच्या घरी माग होते, आणि कारध्याचे एक मास्तर, जे नदीचा आवाज धरायला पुलाखाली जाऊन बसायचे. नाव ठेवलं होतं 'गाळपेर'. तलावाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात जे पेरतात, ते. संगीत असं, की त्याला ना ताल, ना शब्द, ना चाल. एखादा आवाज घ्यायचा, मागाचा, पाण्याचा, पाखडणाऱ्या सुपाचा, आणि तो कॉम्प्युटरवर ताणायचा, ताणायचा, इतका की त्याचं धुकं व्हावं. रीनाचा सख्खा भाऊ विचारायचा, "गाणं सुरू केव्हा होते वो ताई?" साकोलीत ऐकणारं कोणी नव्हतं. ऐकणारे फिनलंडात होते, जपानात होते, एक बाई चिलीत होती.

आणि त्या लोकांना गाळपेर आवडायचं ते एका नियमापायी. नियम रीनाचाच. मूळ आवाज ठेवायचा नाही. अल्बम निघाला, की ज्या रेकॉर्डिंगपासून तो बनला ते पुसून टाकायचं, सगळीकडून. पुसतानाचा व्हिडिओ काढायचा आणि टाकायचा. पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'पीक आलं की आम्ही बी ठेवत नाही.' हे वाक्य सुचलं त्या दिवशी रीनाला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. अकरा अल्बम झाले होते. अकराव्याचं नाव 'निवडण'. त्यात अश्विनची आई, सत्यभामाबाई, तांदूळ निवडत होत्या.

"बसा ना काका. पाणी घ्या."

काका बसले, पाणी प्यायले, आणि पिशवी मांडीवर घेऊन सांगू लागले. घाई नव्हती त्यांना. मनात शंभरदा घोळवलेलं बोलणं होतं.

"त्या दिवशी माहं अन् अश्विनच्या आईचं वाजलं होतं. ते म्हणे, मले बहिणीकडं जायचं आहे चार दिवस, कारध्याले. धानाचा रोवणा सुरू. मी म्हटलं, आता कायची पाव्हणी? तोंडात आलं ते बोललो, फाटक आपटलं अन् शेतावर बांदीत निघून गेलो. सांजेले आलो तं जेवण वाढलं, काही बोलली नाही. गेलीच नाही मंग कारध्याले. दोन महिन्यांनी निजली ते उठलीच नाही. आता अश्विन म्हणते, का त्यानं त्या दिवशी फोन ठेवला होता शिक्यात, आवाज धरासाठी. अन् म्हणे, बाबा, तुम्ही गेल्यावर आई पंधरा मिनिटं बोलली. पंधरा मिनिटं, बाई! माह्याशी अडतीस वर्षात थे एका टायमाले पंधरा मिनिटं नाही बोलली. त्या फोनापाशी काय बोलली, तेवढं मले ऐकू दे. बस."

"अश्विनले नाही आठवत?"

"म्हणे, मी शब्द ऐकत नाही."

हे वाक्य अश्विनचं नव्हतं. तिचं होतं. ती सगळ्यांना तेच शिकवत आली होती: शब्द ऐकू नका, शब्दांखालचं ऐका. अश्विन फोन ठेवून बाहेर निघून गेला होता, कारण माणूस खोलीत असला की आवाज मळतो. मग त्यानं ती बावीस मिनिटं वीसदा ऐकली, हेडफोन लावून, तांदळाच्या सरसरीसाठी. रीनानं एकदा ऐकली. पडद्यावर आवाजाचा आलेख होता, सातव्या मिनिटाला फाटकाचा मोठा काटा. तिनं चौदाव्या मिनिटावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथून इथपर्यंत. ऐंशी सेकंद. हे ताण."

"काका," ती म्हणाली, "ते रेकॉर्डिंग नाही आहे."

"तुह्यापाशी नाही?"

"कोणापाशीच नाही. आम्ही पुसून टाकतो. नियम आहे आमचा." आणि तिनं नियम सांगितला. पानावरचं ते वाक्यही सांगितलं, कारण अर्धवट सांगणं तिला जमेना.

चिंधूकाकांनी ते वाक्य एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "बी ठेवत नाही? मंग पुढच्या साली पेरता काय, शेण?"

रीना हसली नाही. तेही हसवायला बोलले नव्हते.

"एखादा दुसरा आवाज असेल ना, काका? मोबाईलवर? लग्नाच्या व्हिडिओत?"

"साधा फोन होता तिचा. लग्नाच्या शुटिंगात दिसते, वरतून पिच्चरचे गाणे टाकले आहेत. अन् एक हा." त्यांनी खिशातून मोबाईल काढला. तो व्हिडिओ रीनानंच काढलेला. 'निवडण' निघाला त्या दिवशी ती मुद्दाम आसगावला गेली होती. लॅपटॉपसमोर सत्यभामाबाई, डोक्यावर पदर, हसताहेत, कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलताहेत, मग एक बोट हळूच बटनावर. खालचा आवाज रीनानं काढून टाकला होता आणि त्यावर अल्बम चढवला होता. चाळीस सेकंद बाई बोलत होती आणि धुकं वाजत होतं.

"हे बटन तिनंच दाबलं ना?" काकांनी विचारलं.

"हो."

"तिले सांगतलं होतं तुम्ही, का ते काय पुसून राहिली?"

रीनाला तो दिवस नीट आठवत होता. काकू, हे बटन दाबा, तुमचा अल्बम निघते, असं ती म्हणाली होती. उद्घाटनाची फीत कापायला द्यावी तसं. बाईंना कौतुक वाटलं होतं.

"नाही सांगतलं," रीना म्हणाली.

काकांनी मोबाईल खिशात ठेवला. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "मंग जे आहे ते ऐकव."

तिनं मागच्या खोलीत नेण्याऐवजी तिथंच, काउंटरवर, छोटा स्पीकर लावला. सत्तेचाळीस मिनिटांचा एकच तुकडा. तो सुरू झाला आहे हे कळायलाच मिनिट लागायचं. काका पुढं वाकून बसले. पाच मिनिटांनी सुंदरबाई आली, शेजारची चहावाली, नातवाच्या दाखल्याची झेरॉक्स घ्यायला.

"तुहा पंखा बिघडला का वो रीना? कसा घुमून राहिला."

"पंखा नाही आहे मावशी."

"मंग मोटर असन वरच्याची," सुंदरबाई छताकडे बघत म्हणाली, आणि काकांकडे बघून, "पाव्हणे आहेत का? चहा धाडू?"

"माही बायको आहे," चिंधूकाका स्पीकरकडे बोट करून म्हणाले.

सुंदरबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा रीनाकडे, आणि झेरॉक्स न घेताच गेली. चहा मात्र आला.

बाराव्या मिनिटाला काकांनी विचारलं, "हे मी गेल्यावरचं आहे का आधीचं?"

"गेल्यावरचं."

"म्हंजे हे ते बोलूनच राहिली आता."

"हो. एक एक शब्द पंधरा-पंधरा, वीस-वीस सेकंद आहे."

"हा कोणता चालू आहे?"

"ठाऊक नाही, काका."

ते कान देऊन बसले. ओठ हलवून पाहत होते. "आ आहे... का ओ... 'कारधा' म्हणते का?" आवाज वर जायचा, विरायचा, काका थांबायचे, परत लागायचे. रीनाला ते बघवेना. तिनं गाणं थांबवलं आणि म्हणाली, परत छोटं करून बघू. अश्विननं हे महिनाभर केलं होतं, तिला माहीत होतं, तरी केलं. सत्तेचाळीस मिनिटं दाबून ऐंशी सेकंद केली. वाजलं ते असं, की टिनाच्या छपरावर कोणी ओंजळ ओंजळ कणी फेकतं आहे. त्यात बाई नव्हती. बाईसारखंही काही नव्हतं.

"राहू दे," काका म्हणाले. "पोहे कुटल्यावर त्याचा धान होत नाही. कायले मेहनत करतं."

याच वेळी रीनाच्या तोंडून ते निघालं. दिवसभर खोटे पत्ते, खोट्या जन्मतारखा लोक तिच्याकडे लिहायला आणतात, ती लिहीत नाही. पण हे निघालं.

"काका, मले एक आठवते आता. त्या म्हणत होत्या, का अश्विनचे बाबा गजब राबतेत. उन्हातान्हात. बिचारे म्हणत होत्या."

चिंधूकाकांनी तिच्याकडे पाहिलं. मग आल्यापासून पहिल्यांदा हसले. दात दिसतील असे.

"बिचारा म्हणे? मले?" त्यांनी मान हलवली. "माह्या बैलाले म्हणे थे बिचारा. मले नाही कधी. हे तू बनवलं, पोरी. बरं बनवलं. पण तिचं नोहे."

रीनाच्या डोळ्यात पाणी आलं ते तिनं कागदाच्या गठ्ठ्याकडे वळून पुसलं. काकांनी तिकडे न बघितल्यासारखं केलं. उठले. म्हणाले, चारची लाखांदूरची गाडी आहे, ते चुकली तं पुढं पवनीची भेटत नाही.

स्टँडपर्यंत ती सोबत गेली. तिला वाटलं, अश्विनला फोन लावून द्यावा, बाप-लेकानं एकमेकांशी बोलावं. पण काय बोलावं ते तिलाच सुचेना. मूर्ख पोरगा आईच्या आवाजासोबत दीड महिना राहिला होता आणि आई काय म्हणते ते त्यानं ऐकलं नव्हतं. आणि त्याला तसं राहायला तिनं शिकवलं होतं, मोठ्या प्रेमानं, त्याच्या कानांचं कौतुक करकरून.

"काका, ते काढून टाकू का? तो अल्बम?"

"कायले? कोणी ऐकते म्हणतं ना तिकडं."

"ऐकतेत."

"मंग ऐकू दे. त्याईले तं माहीत नाही, कोण आहे ते."

गाडी लागली. पोरं दप्तरं घेऊन घुसली, बायांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरल्या. काकांना मधली खिडकी मिळाली. कंडक्टर दार ओढत होता तेव्हा त्यांनी काच सरकवली आणि बाहेर वाकले.

"रीना. एक सांग. काय बोलली ते राहू दे. रागात बोलत होती, का साधी? तू तं ऐकला ना तो आवाज. एवढं तं समजते माणसाले."

रीनानं डोळे मिटले. खरंच प्रयत्न केला. ती सरसर आठवली, सुपाच्या कडेला घासणारी बांगडी आठवली, आलेखावरची निळी रेघ आठवली, चौदावं मिनिट आठवलं. बाईचा आवाज जवळ आला, अगदी कानाशी आला, आणि लगेच लांबायला लागला, पसरायला लागला, त्याचं ते सुंदर, गुळगुळीत, कशाचंच नसलेलं धुकं झालं. त्यात राग नव्हता. माया नव्हती. तिनं स्वतः निवडलेले ऐंशी सेकंद होते आणि त्यात कोणी बोलत नव्हतं.

"नाही समजलं, काका," ती म्हणाली. "मी तसं ऐकलंच नाही."

चिंधूकाकांनी मान हलवली. साहेब आज नाहीत, सोमवारी या, असं कोणी सांगितल्यावर लोक हलवतात तशी.

"बरं," ते म्हणाले, आणि काच लावून घेतली.