शकूच्या मागची काळी बाई

रविवारी सकाळी असल्फ्याच्या डोंगरावरच्या सातेरी चाळीत पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं जिन्यावर, नळापाशी, शेजारच्या पत्र्यावरसुद्धा चढली होती. मधोमध खुर्ची टाकून दादू महाराज बसले होते आणि हातातला मोबाईल गर्रकन फिरवून सगळ्यांना दाखवत होते.

"डोळा फसतो, बाळांनो, कॅमेरा फसत नाही," महाराज म्हणाले. "आम्ही नुसता मंत्र सोडला. फोटोत लपलेलं आपोआप वर आलं."

फोटो चाळीतल्याच नंदकुमार सावंतांच्या नातवाच्या बारशाचा होता. पाळण्याशेजारी शकू उभी होती. घरोघरी पोळ्या करून पोट भरणारी, चाळीतली एकटी विधवा. आणि तिच्या मागे, भिंतीला चिकटून, एक धूसर काळी बाई. तो नातू तीन महिन्यांचा असताना वारला. हृदयाला जन्मापासून छिद्र होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण डॉक्टरांनी कुणाकडे बोट दाखवलं नव्हतं. महाराजांनी दाखवलं.

"हिनंच पोर खाल्लं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

तेवढंच पुरलं. शकूला केसांना धरून खोलीबाहेर ओढलं. पहिली काठी नंदकुमारांची. ती कानावर बसली. मग लाथा सुरू झाल्या. ज्यांच्या घरी तिनं काल पोळ्या लाटल्या होत्या, त्यांच्याही. ती हात जोडत होती, तर कुणीतरी बोटांवर चप्पल ठेवून दाबली.

शेजारची जयंती आपल्या दारात चौकट धरून उभी होती. थांबा म्हणावं, असं दहादा मनात आलं, पण तोंड उघडलं नाही. तो फोटो तिनंच काढला होता आणि चाळीच्या ग्रुपवर टाकला होता. आज महाराजांनी दाखवलेला फोटोही त्याच ग्रुपवर फिरत होता. तिनं तो उघडून मोठा केला. काळ्या बाईचा अंबाडा डावीकडे कललेला. पदराचं टोक खांद्यावरून वर उडालेलं. शकूचंही अगदी तसंच.

गेले तीन महिने ती अंधेरीला फोटो सुधारायच्या क्लासला जात होती. लग्नपत्रिका, बॅनर करायला शिकत होती. फोटोतली आकृती कापून दुसरीकडे कशी चिकटवायची, हे गेल्याच आठवड्यात त्यांना शिकवलं होतं.

लॅपटॉप छातीशी धरून ती गर्दीत घुसली आणि शकूवर ओणवी झाली. उगारलेली काठी तिच्या खांद्यावर उतरली.

"बाजूक हो गो," नंदकुमार म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"काका, मारा मला. पण आधी पाच मिनिटं हे बघा."

तिनं महाराजांनी दाखवलेला फोटो उघडला, त्यातली काळी बाई कापून उचलली आणि सरकवत फोटोतल्या शकूवर ठेवली. अंबाड्यावर अंबाडा, पदरावर पदर. तसूभरही फरक नाही.

"ही शकूमावशीच आहे. तिचीच आकृती कापली, काळा रंग भरला, कडा पुसट केल्या, थोडी पारदर्शक केली. झालं भूत. आणि हा माझा मूळ फोटो. भिंत कोरी आहे."

"ही सैतानी विद्या आहे," महाराज म्हणाले.

जयंतीनं त्यांचाच फोटो काढला. सगळ्यांदेखत चार मिनिटांत लॅपटॉपवर महाराजांच्या पाठीमागे एक काळा महाराज उभा राहिला. "यानं कुणाचं पोर खाल्लं, महाराज?"

महाराज चपला शोधू लागले, आणि गर्दी त्यांच्यावर तुटून पडली. त्यांचा दात पडला, सदरा फाटला. नंदकुमारांनी तीच काठी पुन्हा उचलली. या वेळी जयंती ओरडली.

"मघाशी फोटो खरा वाटला म्हणून मारलंत, आता खोटा ठरला म्हणून मारताय. हात तेच आणि अक्कल तेवढीच. पोलिसांना बोलावलंय मी."

पोलिसांनी महाराजांना जादूटोणाविरोधी कायद्याखाली नेलं. नंदकुमारांना आणि आणखी सहा जणांना मारहाणीसाठी. शकू वाचली, पण डाव्या कानानं तिला आता ऐकू येत नाही. जयंती तिला भेटायला गेली तेव्हा म्हणाली, "मावशी, मी आधी आले असते तर." शकूनं तिचा हात धरला, पण 'तुझा दोष नाही' असं काही म्हणाली नाही.

फोटोत भूत घालायला मंत्र लागत नाही. तीन महिन्यांचा क्लास पुरतो. तेव्हा असा फोटो कुणी दाखवला तर मूळ फोटो मागा, तो कुणी काढला ते विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत हात खाली ठेवा. मूल का गेलं हे डॉक्टरला विचारा, शेजारणीच्या पाठीमागे शोधू नका. आणि शंका आली तर चौकट धरून उभे राहू नका, लगेच बोला. उशिरा कळलेल्या सत्यानं गेलेला कान परत येत नाही.