पळी पुसायची

अंगाने जाड, झाकणाची घट्ट आणि स्वभावाने जरा मुकी, अशी मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे, मित्रांनो. खुर्ज्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. तिथून पेंढ्यात गुंडाळून मला ग्वाल्हेरला आणलं आणि शिंदे की छावनीतल्या शामलाताईंच्या देवघरात खालच्या फळीवर बसवलं. माझ्या बहिणींच्या वाट्याला लोणची आली. माझ्या वाट्याला मध.

शामलाताईंचा एकवीस वर्षांचा नेम आहे. रोज सकाळी बाळकृष्णाला पंचामृताचं स्नान घालायचं, आणि त्यातला मध एकाच हंगामाचा हवा. माघात मोहरी फुलून सरत आली की मुरैन्याकडचे दौलतसिंह आपल्या मधमाश्यांच्या पेट्यांमधला मध आणून मला गळ्यापर्यंत भरतात. तो पुढच्या माघापर्यंत पुरवायचा. मध्येच दुकानची बाटली आणायची नाही.

वर्षभर मध नासत कसा नाही, असं तुम्ही विचाराल. त्यात माझी थोरवी थोडीच. मधमाश्या पंखांनी वारा घालून घालून त्यातलं पाणी उडवतात. मग तो इतका दाट होतो, की बुरशीला जगण्यापुरतं पाणीही त्यात सापडत नाही. थंडीत तो तुपासारखा रवाळ होतो, पण ते काही नासणं नव्हे. बाहेरचा ओलावा आत येऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. ते मी जीव लावून करत होते.

यंदा श्रावणात शामलाताई अंगणात घसरल्या आणि पायाला प्लास्टर लागलं. पूजा त्यांच्या सुनेकडे, प्रांजलीकडे आली. मुलगी मनाची फार चांगली. देवाच्या मधाला खरकट्याचा विटाळ नको, म्हणून ती रोज पळी नळाखाली धुवायची आणि तशीच निथळती माझ्यात बुडवायची. घाईत झाकणही तिरपं राहायचं. थेंब थेंब पाणी माझ्या पोटात उतरत होतं, आणि मला सांगता येत नव्हतं.

भाद्रपदात मधावर फेस आला. देवघरात आंबूस वास सुटला. प्रांजलीने झाकण उघडलं आणि तिचे डोळे भरले.

"आई, ये तो गया. फेकून देऊ का?"

शामलाताई काठी टेकत आल्या. एकवीस वर्षांचा नेम आज मोडतो की काय, या भीतीने त्यांचा जप मध्येच थांबला. त्यांचे यजमान मधुसूदनराव म्हणाले, की फूलबागेजवळच्या दुकानातली बाटली आणून ओता हिच्यात. बरणी तर तीच आहे, देव काय लेबल वाचतोय?

"देव नाही वाचत," शामलाताई हळूच म्हणाल्या, "पण मी वाचलेलं असेल ना."

मग त्यांनी कोरडा लाकडी डाव घेतला. वरचा चार बोटं फेसाळ, पातळ थर काढून टाकला. खाली मध अजून दाट, घट्ट होता. त्यांनी वास घेतला, जिभेवर कण ठेवला. आंबटपणा नव्हता. तो कोरड्या डब्यात काढला, मला धुऊन दोन दिवस उन्हात वाळवलं आणि मग परत भरलं. मी निम्मीही भरले नाही. माघ अजून पाच महिने लांब होता.

प्रांजली म्हणाली, की यापुढे पूजा तुम्हीच करा, माझ्या हाताला यश नाही.

"पूजा तूच करायची," शामलाताई म्हणाल्या. "पळीही तूच धुवायची. फक्त पुसायची."

आता प्रांजली पळी दोनदा पुसते, तिच्या टोकावर तिळाएवढा मध घेते आणि झाकण दाबून फिरवते. पाण्याचा थेंब, ओला हात आणि उघडं झाकण एवढं तुम्हीही मधापासून लांब ठेवा, मित्रांनो. बाकी तो आपलं आपण सांभाळतो.

सध्या पौष चालू आहे. माझ्या तळाशी दोन बोटं मध उरलाय. अजून पस्तीस सकाळी मला पुरायचं आहे, आणि मी पुरणार.