जागलीची पाळी

"काहून अडवून राह्यला बे? वावर माहं, तूर माही, आन् रस्ता तुह्या बापाचा?"

शिवेवरच्या आडव्या बांबूपाशी गोजराबाई कडाडली. एका हातात विळा, दुसऱ्या हातात भाकरीचं गठुडं. मागं तूर कापायला आलेली लतीफा आणि वावराला निघालेली आणखी चार माणसं.

बांबूपलीकडच्या दोन पोरांच्या अंगात सारखेच हिरवे सदरे होते, गळ्यात शिट्ट्या.

"माय, फौजीचा हुकूम हाय. दलाचा सराव हाय, आज शिव बंद."

"शेंगा खडखडा वाजून राह्यल्या. आज ना कापली तं उद्या सारा दाना मातीत."

"हुकूम आला का सोडतो ना."

केनवडपासून कोसभरावरच्या या गावात जागल पिढ्यान्‌पिढ्या पाळीनं चालत आली होती. पीक भरात आलं की रात्री शिवाराची राखण करायची, ती जागल. आज या घरचा माणूस, उद्या त्या घरचा. पाटील असो की मजूर, पाळी कुणाला चुकत नसे. पण रानडुकरं माजली आणि लोक थंडीत मचाणावर बसायला कंटाळले. त्याच साली देवानंद फौजेतून घरी आला. पारावरच्या बैठकीत म्हणाला, "तुमी खुशाल झोपा. जागल मी करतो. पीक घरात आलं का ज्याची पाळी त्याले वापस."

पहिला हात गोजराबाईनंच वर केला. देवानंदाची आई गेली तेव्हा हिच्याच चुलीवरची भाकर खाऊन तो वाढला होता. "आपला पोरगा हाय," ती म्हणाली, आणि गावानं मान डोलावली.

पीक घरात आलं. पाळी काही परत आली नाही. देवानंदानं पोरांचं दल उभं केलं; आधी काठ्या आल्या, मग सदरे, मग शिवेवरचा बांबू. भांडणं वाढतात म्हणून पारावरची बैठक बंद झाली. सरपंचाच्या निवडणुकीत देवानंदाविरुद्ध अर्ज भरायला निघालेल्या लखमाला दलानं शिवेवरूनच माघारी फिरवलं. तरी लोक म्हणत, "झोप तं लागते ना बाप्पा!"

मोटरसायकल येऊन थांबली. पोरांनी खाडकन सलाम ठोकला. देवानंद उतरला.

"काय गोंधळ हाय, मावशी?"

कालपरवापर्यंत तो तिला माय म्हणायचा.

"देवा, माही पाळी मले वापस दे."

"कायची पाळी?"

"जागलीची. दोन साल झाले, डुकराचा पाय दिसला नाई शिवारात. मंग राखन कोनाची करून राह्यला तू?"

देवानंद हसला. "मानसाची. फुटीर लोक लय झाले गावात."

लतीफा पुटपुटली, "कुंपन शेत खाते म्हंतात. हे तं धन्यालेच खाऊन राह्यलं."

देवानंदाचं हसू विरलं. त्यानं पोरांना विचारलं, "नाव काय इचं?"

लतीफा आणि तो एकाच गल्लीत लहानाचे मोठे झाले होते. गोजराबाईनं मागं पाहिलं. चौघंही आपापल्या चपलांकडे बघत होते; त्यात लखमाही होता.

ती लतीफाच्या पुढं आली. "नाव गोजरा. बोलली ते मी बोलली. आन् पारावर हात वर केला तो बी मीच केला होता."

क्षणभर देवानंदाला तिच्याकडे बघवेना. मग तो मोटरसायकलवर बसला. "मावशीले घरी पोचवा. मानानं."

दोघं पोरं तिच्या दोन्ही बाजूंनी चालले. एकानं तिचं गठुडं घेतलं. ओट्यांवरून लोक म्हणाले, "रामराम, गोजरामाय!" जणू वरातच निघाली होती.

दारात त्यातला एक पोरगा मायेनं म्हणाला, "दार लावून घे, माय. भिऊ नको, बाहेर आमी हावो."

गोजराबाई उंबऱ्यावरच बसली. वारा सुटला होता. तिकडं शेंगा तडकत असतील, हे तिला इथं बसून कळत होतं.

"माय, दार."

"दार माहं हाय," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.